आंगणात पाखरांसाठी पाणी ठेवताना

मार्च लागला की परळ, म्हणजे पसरट उथळ भांडं, बाहेर काढा. मातीचंच घ्या, फूटभर रुंद आणि जास्तीत जास्त दोन इंच खोल. टिनाचं किंवा स्टीलचं भांडं विदर्भाच्या उन्हात चटका देतं, शिवाय गुळगुळीत बुडावर पाखराचा पाय घसरतो. मधे कवेलूचा तुकडा किंवा खडबडीत दगड असा ठेवा की त्याचा माथा पाण्याबाहेर राहील. चिमण्या त्यावर बसून पितात, आणि पाण्यात पडलेली मधमाशी त्यावरच चढून वाचते.

जागा महत्त्वाची. कडुनिंबाची सावली हवी, पण पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) ढिगापासून आणि दाट झुडपापासून परळ सात-आठ फूट लांब असू द्या. मांजर तिथंच दबा धरून बसतं. वर एखादी मोकळी फांदी असली म्हणजे ओल्या पंखांनी उडून बसायला सोय होते. भांडं टांगलंत तर खार आणि बुलबुल येतील. सातभाई मात्र जमिनीवर टोळीनं वावरणारे, त्यांच्यासाठी खालीच ठेवा. दारापासून दूरच बरं, कारण ओलाव्याला बेडूक येतात आणि बेडकामागे साप.

पाणी रोज सकाळी पूर्ण बदला, नुसती भर घालू नका. आठवडाभर तेच पाणी राहिलं तर त्यात डास तयार होतात. शेवाळ नारळाच्या काथ्यानं घासा, साबण नको.

बघायला सकाळी आठच्या आत छपरीत बसा. पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही तरी जागा बदलू नका.