साखर कमी करताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

साखर कमी करायची ठरली की पहिली कुऱ्हाड पडते मिठाईवर. संत्रा बर्फी बंद, पुरणपोळी बंद, लग्नातला गुलाबजाम बंद. महिना जातो, वजनात काही फरक दिसत नाही, जीव मात्र आंबलेला राहतो आणि एके दिवशी सगळं पूर्ववत सुरू होतं. आहारसल्ला देताना हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता मिठाईबद्दल पहिल्या भेटीत विचारतच नाही. विचारते ते एवढंच : दिवसाचे चहा किती होतात आणि त्यात साखर कोण घालतं?

वर्षातल्या सणांनी जेवढी साखर पोटात जाते, त्याच्या कितीतरी पट रोजच्या चहा-बिस्किटांतून आणि थंड पेयांतून जाते. तिच्याकडे कुणी बघत नाही. सगळ्या चुकांची सुरुवात इथून होते.

चहातली साखर न मोजणं

जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची शिफारस अशी आहे : वरून घातलेली साखर, तसंच मध, पाक आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत आणता आली तर अधिक चांगलं. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, पाच-सहा चहाचे चमचे. अख्ख्या फळातली आणि दुधातली मूळची साखर यात धरत नाहीत.

आता आपला हिशेब. एका कपात दोन चमचे म्हणजे जवळजवळ १० ग्रॅम. तीन कप झाले की ३० ग्रॅम. २५ ग्रॅमची मर्यादा चहातच ओलांडली, अजून बिस्किटाचा पुडा उघडायचाच आहे. वर्षभराचं गणित केलं तर एकट्याच्या चहातून सुमारे ११ किलो साखर जाते.

अडचण अशी की आपल्याकडे साखर कपात नाही, पातेल्यात पडते. चहा करणाऱ्याचा हात ठरवतो कुणी किती खायची ते. म्हणून घरात एक बदल करा : चहा बिनसाखरेचा उकळा, साखरेची डबी आणि एक लहान चमचा बाजूला ठेवा, ज्याने त्याने आपापली घालून घ्यावी. या एका सवयीने घरातल्या प्रत्येकाला आपला आकडा कळतो. मग दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा. जिभेला नवी चव अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. त्यानंतर जुन्या मापाचा चहा मळमळेल इतका गोड लागतो, हे करून पाहिलेला कुणीही सांगेल. आलं, वेलची, गवती चहा यांनी चहाला असा वास येतो की साखरेची उणीव बरीच भरून निघते.

टपरीवर मात्र "भाऊ, साखर कमी" म्हणून उपयोग नाही. तिथला चहा साखर घालूनच उकळत ठेवलेला असतो. "फिका वेगळा करून द्या" असं स्पष्ट सांगावं लागतं, आणि रोजचं गिऱ्हाईक असेल तर टपरीवाले आनंदाने देतात. ऑफिसच्या मशीनचं बघा : तयार भुकटीचा चहा असेल तर त्यात बहुतेक वेळा साखर आधीच मिसळलेली असते, बटण कुठलंही दाबा.

घराचा एकूण अंदाज हवा असेल तर किराण्याची यादी काढा. चार माणसांना दिवसाला २५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला ३ किलो होते, आणि त्यात बिस्किटं, सॉस, बाहेरचं गोड सगळं आलं. तुमच्याकडे नुसती साखरच पाच किलो येत असेल तर शोध कुठून सुरू करायचा ते वेगळं सांगायला नको.

"आम्ही साखर सोडली, आता गूळ खातो"

हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते, आणि ऐकून जीव हळहळतो, कारण म्हणणारा मनापासून प्रयत्न करत असतो. गुळाच्या वजनाचे दहातले आठ-नऊ भाग साखरच असते. चहात दोन चमचे साखरेऐवजी गुळाचा मोठा खडा टाकला तर शरीराला फारसा फरक कळत नाही. गुळात लोह असतं हे खरं, पण चहात जाणाऱ्या गुळातून ते फार थोडं मिळतं, आणि चहातली द्रव्यं लोहाचं शोषणही रोखतात. लोह हवं असेल तर डाळी, हरभरे, पालेभाज्या खा आणि त्यावर लिंबू पिळा.

खडीसाखर म्हणजे मोठ्या स्फटिकांची तीच साखर. ब्राऊन शुगरवर मळीचा थोडा अंश असतो, बाकी साखरच. मधातही सुमारे ८० टक्के साखर असते (आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवूच नका, त्यातून बोटुलिझमचा धोका असतो). खजुराचे लाडू "शुगर-फ्री" म्हणून विकले जातात, तेही जपून खा. खजुरात तंतू आहेत, म्हणून एक-दोन खजूर खाल्ले तर हरकत नाही, पण त्याच्या वजनाचा निम्म्याहून मोठा भाग साखरेचा असतो.

संत्र्याचा रस, रसवंती आणि उन्हाळा

काटोल-नरखेडचा संत्रा दारात येत असताना तो पिळून पिणं ही मला सगळ्यात वाईट वाटणारी चूक. एका पेल्याला तीन-चार संत्री लागतात. चार संत्री सोलून खायला बसा, दोनवरच पोट भरेल. रस दोन मिनिटांत संपतो, चोथा फेकला जातो आणि वर दुकानदार साखरेचा पाक घालतो. फळ चावून खाल्लं की त्यातले तंतू साखर सावकाश रक्तात जाऊ देतात. रसाला ती आडकाठी राहत नाही, म्हणूनच रसातली साखर मर्यादेत मोजतात. संत्रा खा, रोज खा, सालाच्या आतल्या पांढऱ्या धाग्यांसकट खा. आणि संत्रा बर्फीत संत्रा असला तरी ती खवा-साखरेची बर्फीच आहे, फळाच्या खात्यात तिला धरू नका.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की नागपुरात तहान साखरेवर भागवली जाते. उसाच्या १०० मिली रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे रसवंतीतल्या एका मध्यम पेल्यात तीस ग्रॅमच्या वर. कोलाच्या ३०० मिलीच्या बाटलीतही तेवढीच. उन्हातून आल्यावर पोरांना ग्लुकोज पावडरचं पाणी द्यायची पद्धत अनेक घरांत आहे. ती पावडर जवळजवळ निव्वळ साखर असते. शाळेतून सायकलवर घरी आलेल्या धडधाकट पोराला माठातलं पाणी आणि मठ्ठा पुरेसा आहे. पन्हं जरूर करा, पण गूळ निम्मा घाला आणि जिरं, सैंधव, वेलची वाढवा. कैरी फार आंबट असेल तर पाणी वाढवा, गूळ नको.

याच उन्हाळ्यात उलट बाजूची एक चूक होते, आणि ती जिवावर बेतू शकते. जुलाब-उलट्या झाल्यावर "साखर नको" म्हणून काही जण नुसतं मिठाचं पाणी देतात. असं करू नका. आतड्यात मीठ आणि पाणी शोषलं जायला ग्लुकोजची सोबत लागते, ओआरएसचा सगळा आधारच तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला, माप बदलू नका. मधुमेह असलेल्यांनी अशा वेळी डॉक्टरांना लगेच फोन करावा, पण पाणी-मीठ थांबवू नये. दुकानात नावात ओआरएस असलेली गोड पेयं मिळत असत. या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ते नाव वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी औषधाच्या दुकानातून घेताना पाकिटावरचं सूत्र वाचूनच घ्या.

एका रात्रीत सगळं बंद, आणि वर उपाशी

साखर, चहा, भात, नाश्ता सगळं सोमवारपासून बंद. दुपारपर्यंत डोकं ठणकतं. माणसाला वाटतं साखर सोडल्याचा त्रास, पण खूपदा तो एकाएकी चहा तोडल्यामुळे कॅफिन न मिळाल्याचा असतो. चहा ठेवा, साखर उतरवा.

दुसरं, संध्याकाळी पाचला गोड खायची तल्लफ येते तिचं मूळ बहुधा सकाळच्या रिकाम्या पोटात असतं. नाश्त्यात प्रथिनं असू द्या. आपले तर्री-पोहे या बाबतीत चांगलेच आहेत : पोहे थोडे कमी, तर्रीतले चणे जास्त, वरचा तेलाचा तवंग बाजूला. अंडी, मोड आलेली मटकी, बेसनाचं धिरडं चालेल. पाचच्या भुकेसाठी खिशात फुटाणे-शेंगदाणे ठेवा. साखर सोडून त्या जागी मैद्याचे टोस्ट, साबुदाणा आणि भाताचा डोंगर आणला तर रक्तातली साखर तशीच वर जाते.

पुड्याची फक्त पुढची बाजू वाचणं

पुढे लिहिलेलं असतं "पौष्टिक", "नैसर्गिक", "सातूयुक्त". पुडा उलटा करा. आपल्याकडच्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात, आणि पोषणाच्या तक्त्यात एकूण साखर व वरून घातलेली साखर वेगळी दाखवावी लागते. पहिल्या तीन घटकांत साखर असेल तर तो पदार्थ गोडाचाच समजा. सुक्रोज, डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही तिचीच नावं. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या ओळीत दिसत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं, म्हणून "शुगर-फ्री" बिस्किटांवर तो शब्द शोधा.

साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा साखर असते. टोमॅटो सॉसचंही जवळपास तसंच. मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी भुकट्यांबद्दल तर पालकांनी जास्तच सावध राहावं : अशा पेयांना "हेल्थ ड्रिंक" या गटात विकू नका, असं केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना कळवलं होतं. दूध नुसतं प्यायला मूल कुरकुरत असेल तर वेलची किंवा हळद घाला, किंवा दही द्या. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या खाण्यात तर साखर घालूच नका.

कृत्रिम गोडीच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात : वजन कमी करायला त्यांचा आधार घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं, वनस्पतीपासून मिळणारा स्टेव्हियाही त्यात आला. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ही शिफारस लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावं. माझं मत विचाराल तर जिभेची गोडाची सवय या गोळ्या जशीच्या तशी ठेवतात, म्हणून मी त्या सुचवत नाही.

"मला कुठे शुगर आहे?"

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे आणि १५.३ टक्के त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यातल्या अनेकांना ते ठाऊकही नाही. पण साखर कमी करण्याचा फायदा मधुमेह असणाऱ्यांपुरता नाही. साखरेतल्या जादा फ्रुक्टोजची चरबी यकृतात तयार होते, त्यामुळे साखर, विशेषतः गोड पेयं, उतरली की ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि यकृतावरची चरबी कमी व्हायला मदत होते. दातांचं तर लगेच भलं होतं. दातांच्या बाबतीत किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं, कारण प्रत्येक गोड घोटानंतर तोंडातले जीवाणू बराच वेळ आम्ल तयार करत राहतात. इतवारीत दुकानावर दिवसभर तासातासाला अर्धा कप घेणाऱ्यांच्या दाढा किडतात त्या यामुळेच.

सणाला नकार देऊन बसणं

महालक्ष्म्यांच्या जेवणाला "मी गोड खात नाही" म्हणून ताट सरकवू नका. वाढणारी काकू म्हणणारच, "घ्या न जी, एका पोळीनं काय होते?" एका पोळीनं खरंच काही होत नाही. एक घ्या, तूप घालून चवीनं खा, त्या जेवणात भात कमी करा आणि दिवसभराचा चहा फिका ठेवा. त्रास तिसऱ्या पोळीचा, आणि उरलेलं पुरण पुढचे चार दिवस संपवण्याचा असतो. पुरण मोजकं शिजवा. तान्ह्या पोळ्याला बैल घेऊन आलेल्या लेकरांना बोजारा म्हणून चॉकलेटांऐवजी पैसे, पेन्सिली, फुटाणे दिले तरी ती तितक्याच उड्या मारत जातात.

औषधं चालू असताना परस्पर साखर तोडणं

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, घेणाऱ्यांनी खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना सांगणं अत्यावश्यक आहे. गोड आणि भात एकदम कमी केला, डोस मात्र जुनाच राहिला, तर रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम सुटणं, हात थरथरणं, धडधड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली की माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. घरातल्या सगळ्यांना हे माहीत हवं.

आठ दिवसांत निकाल बघणं

वजनकाट्यावर रोज चढू नका. बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजून लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा मोजा. एचबीएवनसी ही तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हणून सुरुवातीला एकदा ती करा आणि मग तीन महिन्यांनी, उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड्ससोबत. तीन महिन्यांनीही आकडे जागचे हलले नसतील तर आठवडाभर खाल्लेलं-प्यालेलं सगळं, टपरीवरच्या अर्ध्या कपासकट, वहीत उतरवा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.