उतारवयातल्या स्टार खेळाडूंचा सौदा फळला की फसला, हे कसं ठरवायचं?

2013 च्या जून महिन्यात, अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या रात्री, बोस्टन सेल्टिक्सने पॉल पिअर्स आणि केविन गार्नेट हे आपले दोन दिग्गज ब्रुकलिन नेट्सला देण्याचं कबूल केलं. जेसन टेरीही सोबत गेला. ब्रुकलिनमध्ये लगेच विजेतेपदाची भाषा सुरू झाली. आज मात्र एनबीएच्या सर्वांत एकतर्फी सौद्यांमध्ये या सौद्याचं नाव हटकून निघतं. मला नेहमी वाटतं की हा निकाल समजायला दहा वर्षं थांबायची गरज नव्हती. त्याच रात्री कागद-पेन घेऊन बसलं असतं, तरी बराचसा कळला असता. कसा, ते याच सौद्याच्या आधारे सांगतो. हीच पद्धत तुम्हाला कुठल्याही ट्रेडला लावता येईल.

पहिलं काम: कोणी काय दिलं ते सगळं लिहा

बातमीत फक्त मोठी नावं येतात, तेवढ्यावर थांबू नका. बोस्टनला जेराल्ड वॉलेस, क्रिस हम्फ्रीज, मार्शॉन ब्रुक्स, कीथ बोगन्स आणि क्रिस जोसेफ मिळाले. यांतले बरेच जण पगारांची जुळवाजुळव करण्यासाठी आले होते, कारण एनबीएत दोन्ही बाजूंचे पगार सहसा ठरावीक मर्यादेत जुळावे लागतात. वॉलेसचा तर आणखी 3 वर्षांचा महागडा करार बोस्टनने अंगावर घेतला. हेही खर्चाच्या बाजूला मांडायचं.

खरा माल होता ड्राफ्ट पिक. एनबीएत नव्या खेळाडूंचा आयपीएलसारखा लिलाव होत नाही. दरवर्षी जूनमध्ये संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्यांची पाळी साधारणपणे आधी येते. ही पाळी म्हणजेच पिक, आणि ती पुढच्या वर्षांचीसुद्धा विकता येते. ब्रुकलिनने 2014, 2016 आणि 2018 चे पहिल्या फेरीचे पिक दिले. लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीचा पिकच हातात नाही, अशी वेळ संघावर येऊ नये असा एनबीएचा नियम आहे. म्हणून 2017 चा पिक थेट न देता अदलाबदलीचा हक्क दिला: त्या वर्षी दोन्ही संघांच्या पिकांपैकी जो वरचा, तो बोस्टनचा.

दुसरं काम: वयं आणि पिकांची वर्षं शेजारी-शेजारी मांडा

सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई करू नका. सौद्याच्या वेळी पिअर्स 35 वर्षांचा होता, गार्नेट 37 चा. आता पिकांची वर्षं घ्या आणि त्या-त्या जूनमध्ये या दोघांची वयं काय असतील ते लिहा.

2014: पिअर्स 36, गार्नेट 38.
2016: पिअर्स 38, गार्नेट 40.
2017: पिअर्स 39, गार्नेट 41.
2018: पिअर्स 40, गार्नेट 42.

या चार ओळी पुन्हा एकदा वाचा. ब्रुकलिनने विकत घेतला एखाददुसरा हंगाम आणि त्याचे हप्ते लावून घेतले पाच वर्षांचे. हे दोघे निवृत्तीच्या दारात असतील किंवा दुसरीकडे गेलेले असतील, तेव्हाच सगळ्यात महागडे हप्ते भरायचे होते. पिकाची किंमत, देणारा संघ किती वाईट खेळतो यावर ठरते. आणि म्हातारे खेळाडू घेणारा संघ वाईट कधी खेळणार? ते निघून गेल्यावर. भविष्य कोणालाच दिसत नाही हे खरं, पण वय मोजायला भविष्य दिसावं लागत नाही.

तिसरं काम: घेणाऱ्याला जे हवं होतं, ते मिळालं का?

नेट्सचे तेव्हाचे मालक मिखाईल प्रोखोरोव्ह यांना विजेतेपद हवं होतं. संघ 2012 मध्येच न्यू जर्सीहून ब्रुकलिनला आलेला होता. म्हणून माप विजेतेपदाचंच लावायचं. 2013-14 मध्ये संघाने 44 सामने जिंकले, 38 हरले. पिअर्सची सरासरी 18.6 गुणांवरून 13.5 वर आली, गार्नेटची 14.8 वरून 6.5 वर. ब्रूक लोपेझ दुखापतीमुळे केवळ 17 सामने खेळला. हे दुर्दैव हिशोबात धरलंच पाहिजे. लक्झरी टॅक्स, म्हणजे पगारांची मर्यादा ओलांडल्याचा दंड, मात्र सुमारे 9 कोटी डॉलर भरावा लागला.

एक क्षण विसरता येत नाही. प्लेऑफची पहिली फेरी, टोरंटो रॅप्टर्सविरुद्धच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना, ब्रुकलिन 104-103 असं एका गुणाने पुढे. शेवटच्या काही सेकंदांत काइल लावरी आत घुसून चेंडू बास्केटकडे उचलतो, आणि पिअर्सचा हात मध्ये येतो. ब्लॉक! सामना तिथेच संपला. उतारवयातला खेळाडू घेतात तो अशाच क्षणासाठी. पुढच्या फेरीत मायामी हीटने 4-1 ने हरवलं. उन्हाळ्यात पिअर्स वॉशिंग्टनला गेला आणि 2015 च्या फेब्रुवारीत गार्नेट मिनेसोटाला. दोन वर्षांच्या आत दोघेही संघाबाहेर.

चौथं काम: हरण्याचा मोबदला कोणाला मिळाला ते पाहा

हा भाग बहुतेक जण विसरतात. बोस्टनही 2013-14 मध्ये 57 सामने हरलं, पण त्या पराभवांतून स्वतःचा सहावा पिक मिळाला आणि मार्कस स्मार्ट हाती लागला. ब्रुकलिनने 2015-16 मध्ये 61 सामने गमावले आणि त्यातून आलेला तिसरा पिक बोस्टनला गेला. पुढच्या हंगामात 62 पराभव; पहिला पिक बोस्टनला. त्याच हंगामात बोस्टन 53 विजयांसह ईस्टमध्ये, म्हणजे लीगच्या पूर्व गटात, अव्वल होतं! ब्रुकलिनचे खेळाडू रात्रीमागून रात्र हरत होते आणि त्याचं फळ शेजारचा प्रतिस्पर्धी खात होता. त्या चाहत्यांबद्दल मला आजही वाईट वाटतं.

पाचवं काम: प्रत्येक पिकाचा माग काढा

कागदावर झाडासारख्या फांद्या काढा. 2014 चा सतरावा पिक जेम्स यंग. ही फांदी वाळली. 2016 चा तिसरा पिक जेलेन ब्राउन. 2017 चा पहिला पिक बोस्टनने फिलाडेल्फियाला दिला आणि तिसरा पिक घेऊन जेसन टेटम निवडला. वर आणखी एक भावी पिकही मिळवला. तो मुळात सॅक्रामेंटो किंग्जचा होता. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे ज्याचे मालक आहेत आणि जो 2019 मध्ये मुंबईत येऊन खेळून गेला, तोच हा संघ. त्या पिकावर आलेला रोमियो लँगफर्ड फारसा चमकला नाही, पण डेरिक व्हाइटला आणण्याच्या सौद्यात त्याचा उपयोग झाला. 2018 चा आठवा पिक कायरी अर्विंगसाठी क्लीव्हलंडला गेला. अर्विंग दोन हंगाम खेळून 2019 मध्ये नेमका ब्रुकलिनलाच गेला. म्हणजे ही फांदीही फारशी फळली नाही.

2024 मध्ये बोस्टनने डॅलसला 4-1 ने हरवून विजेतेपद मिळवलं. ब्राउन अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. टेटम आणि व्हाइट सोबत होतेच.

दुसऱ्या बाजूची फांदीही प्रामाणिकपणे काढा. गार्नेटच्या बदल्यात ब्रुकलिनला थॅडियस यंग मिळाला, त्याच्या बदल्यात आलेल्या पिकावर कॅरिस लव्हर्ट. 2017 च्या अदलाबदलीत बोस्टनचा सत्ताविसावा पिक ब्रुकलिनकडे आला होता. तो लेकर्सला देताना डी'अँजेलो रसेल आणला आणि तो पुढे ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक ताऱ्यांच्या सामन्यासाठी निवडला गेला. फार नाही, पण शून्यही नाही.

सहावं काम: निर्णय आणि नशीब वेगळं करा

तळाच्या संघांच्या पिकांचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीत पहिला क्रमांक येणं आणि टेटम इतका मोठा खेळाडू निघणं, यात नशिबाचा वाटा होता. म्हणून एक उलटं उदाहरण तपासा. 2007 मध्ये याच बोस्टनने 31 वर्षांच्या गार्नेटसाठी अल जेफरसनसह पाच खेळाडू आणि दोन पिक मिनेसोटाला दिले. आदल्या हंगामात अवघे 24 विजय. पुढच्या हंगामात 66 आणि विजेतेपद. तेव्हाही भविष्य विकलंच होतं, पण गार्नेटच्या हाती काही चांगले हंगाम शिल्लक होते. तोच खेळाडू, मध्ये सहा वर्षं. वयाचा तक्ता दोन्ही वेळा खरं बोलला.

आणि एक रकाना भावनेचा

आपला लाडका खेळाडू विकला गेला की चाहत्याच्या काळजाला लागतं, आणि ते आकड्यांत मावत नाही. तरी त्यासाठी जागा ठेवा. बोस्टनमध्ये 15 हंगाम खेळलेला पिअर्स अखेर परतला. 11 फेब्रुवारी 2018 ला टीडी गार्डन या बोस्टनच्या घरच्या स्टेडियमच्या छताखाली त्याची 34 क्रमांकाची जर्सी कायमची चढवली गेली. त्या हंगामात, त्याच छताखालच्या मैदानावर, ब्राउन आणि टेटम बोस्टनकडून खेळत होते.