कॅम्पवरची कचराभट्टी: धूर आला की डिझेल वाढवू नका, आणि बाकीच्याही या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या पुढे रस्त्याच्या कामावर होतो, तेव्हा आमच्या कॅम्पवर पहिल्यांदा ट्रॉलीवरची कचराभट्टी आली. कचऱ्याची गाडी तिथवर यायचा प्रश्नच नव्हता. भीमगडच्या जंगलाच्या कडेला खरकटं उघड्यावर टाकलं, की रात्री रानडुकरं नाहीतर अस्वल ठरलेलं. दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकाचे मामा ओरडत आले, "साहेब, धूर लई येऊलालाय की हो!" भट्टीवरच्या पोरानं लगेच डिझेल वाढवलं. धूर आणखी काळा झाला.

काळा धूर म्हणजे जळण कमी नाही, हवा कमी. एका दमात कचरा जास्त कोंबला असेल, तेलकट पिशव्या एकदम पडल्या असतील, किंवा जाळीखालची हवेची भोकं राखेनं बुजली असतील. डिझेल वाढवलं की उरलीसुरली हवा तेच खातं. अशा वेळी खालचा, म्हणजे कचरा पेटवणारा बर्नर बंद करा, हवा फुंकणारा ब्लोअर चालू ठेवा आणि धूर निवळेपर्यंत नवा कचरा घालू नका. आत काय चाललंय ते बघायला दार तर अजिबात उघडायचं नाही. एका पोराच्या भुवया अशाच गेल्या.

पांढरा धूर वेगळा. धुराड्याच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर विरला तर ती ओल्या कचऱ्याची वाफ. लांबवर रेंगाळला आणि डोळ्यांना झोंबला, तर बर्नर पेटलाच नाही आणि नुसतं डिझेल फवारतोय असं समजा. ताबडतोब डिझेल बंद. ब्लोअरनं आतला धूर पुरता बाहेर गेल्याशिवाय पुन्हा पेटवलं तर भडका उडतो. नोझल चोंदणं आणि टाकीत पाणी उतरणं ही आपल्या पावसातली नेहमीची कारणं, त्यामुळे टाकीच्या तळाचं पाणी रोज सकाळी सोडून द्यायची सवय लावा.

भट्टीला दोन कप्पे कशाला, हे चालवणाऱ्या पोरांना कोणी सांगतच नाही. पहिल्यात कचरा जळतो, दुसऱ्यात त्या कचऱ्याचा धूर. म्हणून दुसरा कप्पा आधी तापवायचा, आणि तापमानाचा काटा निदान ८५० अंशांवर गेल्याशिवाय पहिल्यात काही घालायचं नाही. घाईनं थंड भट्टीत कचरा लोटला, तर उघड्यावर जाळण्यात आणि यात फरक काय राहिला? काटा वाढतच नसेल, तर आधी तापमानाच्या कांडीवरची काजळी पुसून बघा.

आता खरकट्याचं. सगळ्यात जास्त पैसा इथं जळतो. १० किलो ओल्या खरकट्यात ७ किलोच्या आसपास पाणीच असतं. एक थेंब वाया न घालवता ते पाणी नुसतं वाफ करून उडवायचं म्हटलं, तरी अर्धा लिटर डिझेल लागतं, आणि ट्रॉलीवरच्या भट्टीत वाया जातं ते वेगळंच. माझं मत सांगतो: भात-आमटी भट्टीत जायलाच नको. झाकणाचा, दगडांनी दाबलेला खताचा खड्डा करा. तेवढी जागा नसेल तर खरकटं चाळणीत निथळू द्या आणि कोरड्या पुठ्ठ्याबरोबर थोडं थोडं घाला. आमचा डिझेलचा खर्च मशीनमधल्या दुरुस्तीनं कमी झाला नाही, भटारखान्याच्या दारात ओल्या-सुक्यासाठी ठेवलेल्या दोन बादल्यांनी झाला.

पीव्हीसी पाइपाचे तुकडे, वायरची सालं, सेल, स्प्रेचे डबे, काच, यांतलं काहीही आत नको. पीव्हीसीतल्या क्लोरीनमुळे आम्लाचा धूर आणि डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात, आणि तेच आम्ल धुराड्याचा पत्राही खातं. काच वितळून जाळीवर बसते, मग छिन्नी-हातोडा. प्रथमोपचाराच्या सुया आणि पट्ट्या घरच्या घरी जाळायचा मोहही टाळा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ७५ किलोमीटरच्या आत अशा कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या सामाईक केंद्राची सोय असेल, तर तो कचरा तिकडेच द्यावा लागतो. भट्टी आणण्याआधी कर्नाटकच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची, आणि जंगलालगत असाल तर वनखात्याची परवानगी काय लागते ते विचारा.

खानापूरच्या पावसात भट्टीच्या आतल्या विटा आणि लिंपण पाणी पितात. चार दिवस बंद राहिलेली भट्टी एकदम पूर्ण आचेवर घेतली, की आतल्या पाण्याची वाफ होते आणि लिंपणाचे पोपडे उडतात. मंद आचेवर तास-दोन तास सुकवा. धुराड्याला टोपी हवीच. संध्याकाळी लवकर आवरायचं म्हणून गरम राखेवर बादली ओतणारे महाभाग मी पाहिलेत. तडा जातो, आणि दुरुस्तीचा माणूस बेळगावहून यायला वेळ लागतो.

थंडीच्या पहाटे दरीत धूर खाली बसून राहतो, सरळ कामगारांच्या शेडमध्ये शिरतो. ऊन चढल्यावरच पेटवा.

अथणी, चिकोडी, रायबाग भागातल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर गोष्ट निराळी. तिथं खरकटं थोडं, पण बायकांच्या पॅडचा प्रश्न मोठा, म्हणून विजेवरची छोटी मशीन बसवतात. पॅडमधला जेल पाणी धरून ठेवतो. एकदम दहा-बारा टाकले तर वरून करपतात आणि आत ओले राहतात, म्हणून दोन-तीनच टाका. आणि मोठी भट्टी असेल तर आजूबाजूचं पाचट लांबवर साफ करून, धुराड्याला ठिणगी अडवणारी जाळी लावा. वाळक्या पाचटाला एक ठिणगी पुरते.

राहिली राख. रात्रभर थंड होऊ द्या, झाकणाच्या पिंपात भरा आणि कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी पाठवा. ओढ्यात नको, मलप्रभेचा उगमच कणकुंबीत आहे. वाफ्यातही नको, ही चुलीची राख नव्हे. आमच्या मामांना हे पटायला वेळ लागला. एका सकाळी बघतो तर भट्टीचीच राख घेऊन ते पितळी पातेली लख्ख घासत बसलेले. आदल्या दिवशीच्या कचऱ्यात टॉर्चचे सेल होते की नाही, हे कोणालाच सांगता येईना. सगळी भांडी पुन्हा धुवून घेतली आणि त्या दिवसापासून राखेच्या पिंपाला कुलूप लावलं.