डागडुजीवर तारीख घाला

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात न्हाणीतल्या पायपावर, माळ्यावरच्या एका रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीवर, आणि मागच्या दाराच्या बिजागरीशेजारी ऑइलपेंटनं तारखा लिहिलेल्या आहेत. पाहुणे हसतात. हसू देत. घरच्या घरी केलेलं काम दोन जातीचं असतं. एक करून विसरून जायचं, दुसरं आजची रात्र नाहीतर हा पावसाळा निभावण्यापुरतं. पहिल्यावर मी काही लिहीत नाही. दुसऱ्यावर तारीख घालते, कारण गळायचं थांबलं की चार दिवसांत मी ते साफ विसरते आणि ते नेमकं सणावारी तोंड उघडतं.

मी काही प्लंबर नाही. आमच्या घरात पूर्वी चार माग होते, पॉवरलूम. माग बंद पडला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, ही वडिलांची शिस्त. तिथंच पाना हातात आला. माग केव्हाच भंगारात गेले, पण एका ट्रंकेत कांड्या, धोटे आणि सुताच्या लडी अजून आहेत, आणि त्यांतलं काय कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. त्याखेरीज घरात ठेवायचं ते एवढंच: दहा इंची पाइप पाना, एक स्क्रू पाना, पक्कड, लहानमोठे दोन स्क्रू ड्रायव्हर, हॅक्सॉचं पातं, टेफ्लॉन टेप, एम-सील, बाइंडिंगची तार, सायकलची जुनी ट्यूब, मेणबत्ती आणि पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याचा कापून सपाट केलेला पत्रा. ट्यूब पंक्चरवाल्याकडं मागितली की तशीच देतो. पत्र्याचा डबा हॉटेलवाल्याकडून आणायचा.

आधी नळ. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. राकसकोप तलावाचं पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी टाकी, पिंप, हंडे, सगळं भरून घ्यायचं. म्हणजे रात्री टपटपतो तो साठवणीतला थेंब. एकदा चिडून रात्री दहाला नळाखाली पातेलं ठेवलं, सकाळी सहाला मोजलं तर साडेचार लिटर. दोन माणसांचा स्वयंपाक झाला असता.

नळ तोंडातून गळतो की मुठीखालून, हे आधी बघा. तोंडातून गळत असेल तर आतला वायसर गेलाय. टाकीचा कॉक बंद करायचा, नळ उघडून पायपातलं पाणी काढून टाकायचं, आणि मग नळ अर्धा उघडाच ठेवून वरची टोपी सोडवायची. पूर्ण बंद ठेवून सोडवलात तर स्पिंडल, म्हणजे मुठीची आत जाणारी दांडी, खाली दाबलेला असतो, टोपी हलता हलत नाही आणि जोर केला की आटे जातात. पान्याखाली जुना कपडा गुंडाळा, नाहीतर पितळेवर दात उमटतात. डावीकडे फिरवा. स्पिंडल वर आला की त्याच्या बुडाला काळा वायसर दिसेल, मधोमध खळगा पडलेला. अर्ध्या इंची नळाचा वायसर हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशात मिळतो. जुना खिशात घालून घेऊन जा, तोंडी माप सांगू नका.

रविवारी संध्याकाळी दुकान बंद असेल तर? ट्रकच्या जाड ट्यूबचा तुकडा जुन्या वायसरवर ठेवून खुणेनं गोल कापा, मधे भोक पाडा आणि बसवा. सायकलची ट्यूब इथं चालत नाही, पातळ असते, दोन दिवसांत चिरते. स्लिपरच्या तळव्याचाही वायसर होतो, पण तो दबून दबून महिन्याभरात पापडासारखा होतो. कुठलाही लावा, तारीख घाला.

नवा वायसर घालूनही गळायला लागला तर करंगळी आत घालून बसका, म्हणजे वायसर जिथं टेकतो ती आतली कड, चाचपा. खरखरीत लागला, तर तो बसका प्रत्येक नवा वायसर खाणार. तिथं वायसरवर पैसे घालवू नका, नळ बदला. आणि हल्लीचे पाव फेऱ्यात उघडणारे नळ असतात त्यांना हा वायसरच नसतो. आत चिनीमातीच्या चकत्यांची नळी असते, ती अख्खी बदलायची.

मुठीखालून पाझरत असेल तर काम याहून सोपं. मुठीखालची छोटी चाकी पाव फेरा आवळून बघा. नाही थांबलं तर ती वर करून स्पिंडलभोवती सुताचा दोरा ग्रीसमध्ये माखून चार-पाच वेढे द्या आणि चाकी परत बसवा. आमच्याकडं सुताला तोटा नाही. माझ्या न्हाणीतल्या नळाचं असं पॅकिंग नऊ वर्षं टिकलंय. तिथं तारीख नाही.

आता माझी फजिती सांगते, तिच्यातूनच ही तारखांची खोड लागली. मोरीवरच्या नळाचा प्लास्टिकचा सांधा झिरपत होता. मी एम-सील लावलं. लावलं ते ओल्या पायपावरच, घाईत. एम-सीलचे दोन्ही गोळे एकजीव, एका रंगाचे होईपर्यंत मळायचे, पाइप कोरडा करून सँडपेपरनं घासायचा, मग लावायचं आणि रात्रभर पाणी सोडायचं नाही. यातलं मी फक्त मळणं केलं. तरी चार महिने निघाले आणि मी विसरले. ऋषिपंचमीला सकाळी घर माणसांनी भरलेलं, आणि सांधा पुन्हा झिरपायला लागला. मी पाना घेतला, पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला, म्हणजे जोर वाढेल, आणि आवळला. प्लास्टिकला लोखंडाची ताकद दाखवायची नसते. कट्ट् झालं. सांधा भिंतीच्या तोंडाशी तुटला आणि पिचकारी थेट गौरीच्या शिध्यावर.

टाकीचा कॉक कित्येक वर्षांत फिरवलेला नव्हता, तो जागचा हलेना. नातू अंगठा लावून बसला. मी ट्रंक उघडली आणि कांडी काढली. ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते: धोट्यात आडव्या सुताची जी गुंडाळी बसते तिचा लाकडी गाभा म्हणजे कांडी. वीतभर लांब, टोकाला बारीक, बुडाशी जाड, आणि आतून पोकळ. पोकळीत चिंधी ठासली, बाहेरून धोतराच्या फडक्याचे दोन वेढे दिले, टोक पायपात घातलं आणि बत्त्याच्या हलक्या ठोक्यांनी आत सारली. जोरात नाही, नाहीतर आतला पाइपही फुटला असता. निमुळती असल्यामुळं ती जिथं अडकायची तिथं बरोबर अडकली. आधी बारीक धार, मग थेंब, आणि लाकूड पाणी पिऊन फुगलं तसं पंधरा मिनिटांत तेही थांबलं. शेजारच्या कन्नड काकू दारातनं ओरडत होत्या, “अक्का, हुशार री!” कानडीत हुशार म्हणजे सांभाळून. त्या दिवशी मी मराठीतली नव्हते हे नक्की.

कांडीवर दुसऱ्या दिवसापर्यंत घर चाललं. ज्यांच्याकडं कांडी नाही त्यांनी बोटभर जाडीची लाकडी खुंटी चाकूनं निमुळती तासून ठेवावी. आणि टाकीचा कॉक महिन्यातनं एकदा बंद करून उघडावा, म्हणजे वेळेला जाम होत नाही. तेव्हापासून प्लास्टिकचे आटे मी हातानं घट्ट करते आणि वर पान्यानं फार तर अर्धा फेरा. टेफ्लॉन टेप आटे ज्या दिशेनं आवळतात त्याच दिशेनं, ताणून, आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर आवळताना गोळा होऊन बाहेर येते.

लोखंडी पायपाला सुईएवढं भोक पडलं तर सायकलच्या ट्यूबची दोन बोटं रुंद लांब पट्टी कापा. भोकाच्या तीन इंच अलीकडून सुरुवात करायची, पट्टी तुटेल की काय इतकी ताणायची, आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत तीन इंच पलीकडं जायचं. मग परत उलट. वरून तार पिळायची. रबर ताणलेलं असतं म्हणून ते स्वतःच पायपाला आवळून धरतं, तार नुसती राखणीला. पण गंजलेला पाइप एका ठिकाणी फुटला म्हणजे शेजारीही फुटणारच, म्हणून तारीख.

गॅसच्या नळीला मात्र ट्यूब नाही, एम-सील नाही, काही नाही. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, एजन्सीच्या माणसाला बोलवायचं.

आता छप्पर, म्हणजे या भागातलं मुख्य दुखणं. आमचं मागचं सोपं अजून मंगळुरी कौलांचं आहे. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ साली पहिला कौलांचा कारखाना काढला, त्यावरून हे नाव. पुढं आमच्या खानापूरच्या मातीतही कौलं भाजली गेली. जुन्या कौलाच्या पाठीवर कारखान्याची अक्षरं उठवलेली असतात, ती वाचून बघा, मजा वाटते. बदली कौल आणताना तेच कौल बरोबर न्या. प्रत्येक कारखान्याच्या खाचा वेगळ्या. एक सूत फरक असला तरी कौल बसत नाही, बसल्यासारखं दिसतं.

कौलं फिरवायची ती वळीव येऊन गेला की आणि मृग लागायच्या आत. वळवाच्या एका सरीत कुठं गळतं ते कळतं, आणि नंतर चार दिवस ऊन असतं. दुपारी माळ्यावर जाऊन सगळे दिवे बंद करा, जिथं उन्हाची तिरीप येते तिथं खडूनं खूण करा. एक लक्षात ठेवा: थेंब पडतो तिथं भोक नसतं. पाणी रिपेवरून चार-सहा कौलं सरकून मग पडतं. खालून बघायचं तर थेंबापासून उताराच्या वरच्या बाजूला शोधा. पुष्कळदा कौल फुटलेलंही नसतं, खाचेत शेवाळ आणि पालापाचोळा साठून पाणी आडवं चढतं. जुन्या दात घासायच्या ब्रशनं खाच साफ केली की काम झालं.

पण जुलैत, संततधार लागलेली असताना कौल तडकलं तर वर चढायचं नाही. शेवाळलेल्या कौलांवरून पडून कंबर मोडलेली माणसं आमच्या गल्लीत आहेत. मीही एकदा शिडी लावली होती, तर थोरल्या वहिनी खालून, “काय करूलालीस गे ह्या पावसात? उतर आधी!” उतरले. आणि आतूनच करायला शिकले.

तेलाच्या डब्याचा पत्रा घ्या, कौलापेक्षा दोन बोटं अरुंद आणि जवळजवळ तेवढाच लांब. दोन्ही लांब कडा अर्धा-अर्धा इंच वर वळवा, पन्हळीसारख्या, म्हणजे पाणी बाजूनं सांडत नाही. वरची कड इंचभर खाली वळवून आकडा करा. आता माळ्यावरून तडकलेलं कौल दोन्ही हातांनी खालून हळूच उचला, त्याची नाकं रिपेवरून सुटतील एवढंच. फटीतून पत्रा सरकवा. आकडा त्याच रिपेवर अडकला पाहिजे ज्यावर कौल टेकलेलं असतं, आणि पत्र्याचं खालचं टोक खालच्या कौलाच्या डोक्यावर आलं पाहिजे, त्याच्या खाली नव्हे. इथंच सगळे चुकतात. टोक खालच्या कौलाखाली गेलं तर तडीतलं पाणी पत्र्यावरून वाहत घरातच येतं, फक्त दुसऱ्या खोलीत. मग कौल परत टेकवा. हातमोजे घाला, कापलेला पत्रा सुरीसारखा असतो. रिपेवर तारीख घाला आणि उन्हाळ्यात कौल बदला. पत्रा दोन पावसाळ्यांत गंजून चाळण होतो.

तेही जमलं नाही, रात्रीचे दोन वाजलेत आणि पातेल्यात टण टण चाललंय, तर जिथून थेंब सुटतो तिथं रिपेला सुताचा दोरा बांधून खाली पातेल्यात सोडा. पाणी दोऱ्यावरून मुकाट्यानं उतरतं. गळती तेवढीच राहते, पण झोप लागते.

ओल्या भिंतीवरच्या बटणाला हात लावून मुंग्या आल्या तर मेन बंद करा आणि वायरमन येईपर्यंत बंदच ठेवा. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये, म्हणजे ओढून काढायच्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये, तार वितळली की जाड तार घालणारे शूर लोक पुष्कळ आहेत. फ्यूजची तार वितळते म्हणून घर वाचतं. तिच्याजागी जाड तार घातली की भिंतीतली वायर वितळते. विजेत माझं काम टेस्टरपाशी संपतं.

राहिलं दार. पावसात आमचं मागचं दार फुगतं आणि चौकटीला घासतं. सुताराला बोलावून लगेच रंधा मारून घेऊ नका. मारलात तर मार्चमध्ये तिथून मांजर येईल. चौकटीला कोळसा घासा, दार एकदा लावून उघडा, काळं उमटेल तिथंच मेणबत्ती दाबून घासा, चांगला थर बसेपर्यंत. आधी बिजागरीही बघा, कारण निम्म्या वेळा दार फुगलेलं नसतं, लोंबलेलं असतं. स्क्रू नुसताच गरगर फिरत असेल तर काढा, भोकात फेविकॉलमध्ये बुडवलेल्या दोन-तीन काड्यापेटीच्या काड्या, गूल काढून, ठोकून बसवा, वर आलेली टोकं कापा आणि दुसऱ्या दिवशी त्यातच स्क्रू आवळा.

आमच्या दाराशेजारी सध्या लिहिलंय: “मेण, २ जुलै. दिवाळीनंतर बघणे.”