तिळाची, झेंडूची फुलं हिरवी होताहेत? ते झाड आजच उपटा

श्रावण सरता सरता आपल्या सीमाभागात तीळ फुलावर येतो, दसऱ्याचा झेंडू कळी धरू लागतो आणि वांग्याचे तोडे सुरू होतात. याच दिवसांत खानापूर-बेळगावपासून निपाणी-अथणीपर्यंत कुठल्याही रानात एखादं झाड उठून दिसतं. बाकीची झाडं बेताची असतात, हे मात्र गच्च हिरवं, शेंड्याला पाल्याचा झुबका. खत चांगलं लागलं म्हणून आपण खूश होतो. तिथं थांबा आणि त्या झाडाचं फूल हातात घेऊन पाहा.

निरोगी तिळाचं फूल पांढरं किंवा फिकट गुलाबी, घंटेसारखं खाली झुकलेलं असतं. रोगट झाडावर त्या जागी हिरव्या शिरांची जाडसर पाकळी दिसते आणि आतले पुंकेसरही पानासारखे चपटे झालेले असतात. एखादं कोवळं बोंड नखानं उभं चिरा. दाण्यांच्या जागी बारीक बारीक पानं निघतील. झेंडूत पिवळ्या-केशरी पाकळ्यांऐवजी हिरवा गोंडा तयार होतो. वांग्यात पानं बोटाच्या पेराएवढी राहतात, फांद्यांचा झाडू होतो आणि फूल आलंच तर तेही हिरवं, फळ न धरणारं.

एरवी रंगीत असणारे भाग असे हिरवे होण्याला वनस्पतिशास्त्रात व्हायरेसन्स म्हणतात. त्याच्याही पुढे जाऊन फुलाचं पानच झालं की ती फायलोडी. मराठी पत्रकांत हा रोग पर्णगुच्छ या नावानं येतो. त्यामागे फायटोप्लाझ्मा नावाचा, पेशीभित्तिका नसलेला अतिसूक्ष्म जंतू असतो. 1967 साली जपानी शास्त्रज्ञांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. तोवर असे बरेच रोग विषाणूचे समजले जात. हा जंतू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो. त्यानं सोडलेली प्रथिनं फूल घडवणारी यंत्रणा मोडतात आणि झाड फुलांऐवजी पानं काढत राहतं. त्या हिरवेपणातून दाणा मिळत नाही, म्हणून त्याला युरिया किंवा टॉनिक देणं म्हणजे पैसे मातीत घालणं.

रोग पसरवतात तुडतुडे. रोगट झाडाचा रस शोषल्यावर जंतू त्यांच्या अंगात वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, पण त्यानंतर तो तुडतुडा मरेपर्यंत रोग वाहत राहतो. झाडावर लक्षण दिसायलाही काही आठवडे जातात. म्हणजे आज दिसणारं हिरवं फूल हे जुन्या लागणीचं आहे, आणि ते झाड रानात उभं राहील तितके दिवस नवे तुडतुडे तयार होत राहतील. एकदा लागण झालेलं झाड बरं करणारं औषध शेतकऱ्याच्या हाती नाही. टेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकानं लक्षणं काही काळ दबतात, इतकंच. कुणी ते फवारायला सांगितलं तर ऐकू नका.

उपटण्याचं काम पहाटे करा, गारव्यात तुडतुडे सुस्त असतात. झाडावर आधी पोतं किंवा मोठी पिशवी घाला, मग मुळासकट उपटा आणि तोंड बांधून रानाबाहेर न्या. बांधावर फेकलं तर त्यावरचे तुडतुडे शेजारच्या सरीत उतरतात. नंतरही दर चार-पाच दिवसांनी एक फेरी मारा. हे कंटाळवाणं आहे, पण या रोगात खरा उपयोग याचाच होतो असं माझं ठाम मत आहे. फवारणी करायची तर ती तुडतुड्यांसाठी, आणि पीक लहान असतानापासून. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क (5 किलो निंबोळीचा गर, 100 लिटर पाणी) पुरतो, जोडीला पिवळे चिकट सापळे लावा. तुडतुडे जास्त असतील तर त्या पिकासाठी मंजूर असलेलंच कीटकनाशक कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारून घ्या. तीळ फुलावर असताना मधमाश्या सकाळभर रानात असतात, तेव्हा फवारणी संध्याकाळीच.

बांधाकडेही बघा. गाजर गवताची पांढरी फुलं पानांसारखी हिरवी झालेली दिसतात, तिथं हाच प्रकार असू शकतो. विहिरीजवळची, अंगणातली सदाफुलीही याला सहज बळी पडते, आणि ती बारमाही असल्यामुळे जंतू तिच्यात वर्षभर टिकतो. गुलाबी सदाफुलीला बारकी हिरवी फुलं आली तर ती देवाच्या परडीत घालण्याआधी झाड काढून टाका. शेवंतीवाल्यांनी तर अशा झाडाचे फुटवे किंवा छाट पुढच्या लागवडीला मुळीच घेऊ नयेत, रोग त्यांच्याबरोबरच जातो.

प्रत्येक विचित्र झाड म्हणजे पर्णगुच्छ नव्हे. शेजारच्या उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि वारा आपल्याकडे होता, तर पानं अरुंद, पट्टीसारखी होतात आणि देठ पिळवटतात. तिथं वाऱ्याच्या बाजूची सगळी झाडं एकदमच बिघडतात, पर्णगुच्छ मात्र विखुरलेला दिसतो. आपला खरिपाचा बटाटा हिरवा पडतो तो उजेडानं. त्यात रोग नसतो, पण सोलानिन हे विष वाढलेलं असतं. म्हणून भर नीट लावा, काढलेला माल अंधारात ठेवा आणि हिरवा बटाटा खाऊ नका, जनावरांनाही घालू नका.

ऊसवाल्यांसाठी एक गोष्ट. उसातली गवताळ वाढ अशाच एका फायटोप्लाझ्मामुळे होते, फक्त तिथं फुलं हिरवी होण्याऐवजी पानं पांढरट पडतात आणि गवतासारखे बारीक फुटवे येतात. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात, ती जास्त ठळक दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लावणीसाठी बेणं बघायला आता जाल, तेव्हा प्लॉटमध्ये आतपर्यंत फिरा. अशी बेटं दिसली तर तिथलं बेणं घेऊ नका. उष्ण हवेची प्रक्रिया केलेल्या बेण्यापासून वाढवलेला बेणेमळा मिळाला तर उत्तम.

खात्री करायची असेल तर नमुना मत्तिकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा धारवाडच्या कृषी विद्यापीठात दाखवा. भाजी-फुलांसाठी अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय आहे. नुसतं फूल नको, फुलं-बोंडांसकट शेंडा न्या, आणि सोबत त्याच रानातल्या निरोगी झाडाचाही. दोन्ही वर्तमानपत्रात वेगवेगळे गुंडाळा. ओल्या प्लास्टिकमध्ये ते पोहोचेपर्यंत कुजतात. पेरणीची तारीख, आधीचं पीक आणि काय फवारलं ते कागदावर लिहून न्या.