हॉलसाठी भारीतला टीव्ही घेताना: आधी टेप, मग शोरूम

शोरूमला जायच्या आधी घरात अर्धा तास काढा. सोफ्यावर रोज बसता तसे टेकून बसा आणि डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप धरायला कुणाला तरी सांगा. सोफ्याच्या पुढच्या कडेपासून मोजलं तर दीड-दोन फुटांची चूक तिथेच होते. टीव्ही भिंतीपासून तीन-चार इंच पुढे येतो, तेवढे वजा करा.

या आकड्यावरून साइझ ठरते. फोरके टीव्हीसाठी कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतर बरं पडतं. म्हणजे ५५ इंचीला साडेपाच ते सव्वासात फूट, ६५ इंचीला साडेसहा ते साडेआठ, ७५ इंचीला साडेसात ते दहा. हॉल दहा फूट रुंद असेल, सोफा एका भिंतीला आणि टीव्ही समोरच्या भिंतीला असेल, तर हे अंतर आठ फुटांच्या आसपास भरतं. अशा हॉलला ६५ इंची नेमका बसतो. सिनेमे आणि ओटीटी जास्त चालत असेल तर जवळच्या टोकाकडे झुका. दिवसभर केबलवरच्या साध्या एसडी (कमी पिक्सेलच्या) मालिका चालत असतील तर लांबच्या टोकाकडे, कारण मोठ्या पडद्यावर त्या मालिकांतले चेहरे मेणाचे दिसू लागतात.

मग जुनी वर्तमानपत्रं काढा. ६५ इंची पडदा १४४ सेंटीमीटर रुंद आणि ८१ सेंटीमीटर उंच असतो, ७५ इंची १६६ बाय ९३. तेवढा आयत चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. स्विचबोर्ड झाकला जातोय का, कपाटाचं दार अडतंय का, बेडरूमकडे जाताना खांदा लागतोय का, हे कागदावर पाहिलेलं स्वस्त पडतं. ७५ इंचीचं खोकं सुमारे सहा फूट लांब असतं आणि ते उभंच न्यावं लागतं. लिफ्टचं दार, लिफ्टच्या आतली जागा आणि जिन्याचं वळण मोजून ठेवा.

उजेड आणि बातम्या

पॅनेल, म्हणजे पडदा, ओएलईडी घ्यायचा की मिनी एलईडी, हे ठरवायला दोन प्रश्न पुरतात. दुपारी पडद्यावर उजेड येतो का? आणि टीव्हीवर सगळ्यात जास्त वेळ काय चालतं?

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. त्यामुळे काळा रंग खरोखर काळा दिसतो आणि बाजूच्या खुर्चीतूनही रंग फारसे फिके पडत नाहीत. रात्री दिवे मंद करून सिनेमे बघणाऱ्यांनी दुसरं काही बघू नये. पण यातले पिक्सेल वापरानुसार झिजतात. वृत्तवाहिनीची खालची लाल पट्टी, कोपऱ्यातला लोगो किंवा क्रिकेटचा स्कोअर रोज सहा-सात तास एकाच जागी राहिला, तर दोन-चार वर्षांत त्याची सावली कायमची उमटू शकते. यालाच बर्न-इन म्हणतात, आणि वॉरंटीच्या अटींत तो बहुतेकदा वगळलेला असतो. सकाळी सहाला बातम्या लावून रात्री अकराला बंद करणारे आजोबा घरात असतील, तर ओएलईडीचा हट्ट सोडा.

मिनी एलईडी हा मुळात एलसीडीच. पडद्यामागे हजारो बारीक एलईडी असतात आणि ते शेकडो किंवा हजारो गटांत वेगवेगळे मंद-प्रखर करता येतात. या गटांना झोन म्हणतात. उजेडाच्या हॉलमध्ये हा टीव्ही ओएलईडीपेक्षा उठून दिसतो आणि पट्टी छापली जाण्याची धास्ती राहत नाही. झोन कमी असले की काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या सबटायटलभोवती राखाडी धुकं दिसतं, हा याचा दोष. पश्चिमेकडे खिडकी आणि दिवसभर टीव्ही चालू, असं बऱ्याच घरांत असतं, आणि तिथे आमचं मत मिनी एलईडीच्या बाजूने पडतं.

फसगत होते ती नावांमुळे. क्यूएलईडी म्हणजे एलसीडीत क्वांटम डॉटचा, म्हणजे रंग खुलवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा थर, एवढंच. मागचे दिवे कसे आहेत हे त्यातून कळत नाही. महाग क्यूएलईडीतही दिवे फक्त कडेला असू शकतात आणि मग अंधारातलं दृश्य धुरकट दिसतं. सॅमसंगचं निओ क्यूएलईडी हे साधारणपणे मिनी एलईडी असतं. एलजीच्या क्यूएनईडीत काही मॉडेलं मिनी एलईडी आहेत, काही नाहीत. म्हणून दुकानात ‘क्यूएलईडी आहे का’ असं न विचारता ‘लोकल डिमिंग (झोन वेगवेगळे मंद-प्रखर करण्याची सोय) आहे का, झोन किती’ असं विचारा. उत्तर आलं नाही तर मॉडेल नंबर लिहून घ्या आणि स्वतंत्र चाचण्यांत झोन आणि निट्स (पडद्याच्या प्रखरतेचं माप) शोधा. खोक्यावर एचडीआर (उजेड-अंधारातला मोठा फरक दाखवणारं चित्र) तर वीस हजारांच्या टीव्हीवरही छापलेलं असतं. तीनशे निट्सचा पडदा एचडीआर सिग्नल घेतो, पण सूर्याची तिरीप दाखवू शकत नाही. भारीतल्या टीव्हीची छोट्या भागातली कमाल प्रखरता हजार निट्सच्या वर हवी.

रिफ्रेश रेटचंही (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, त्याचंही) तसंच. पॅनेल मुळात १२० हर्ट्झचं आहे का, एवढंच विचारा. मोशन रेट वगैरे नावांखालचे मोठे आकडे हे जाहिरातीचे गुणाकार असतात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. १२० ला २४ ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही, म्हणून ६० हर्ट्झच्या पडद्यावर कॅमेरा सावकाश फिरला की दृश्य अडखळतं.

शोरूममध्ये

दुकानातले टीव्ही शोरूम मोडवर असतात: प्रखरता कमाल, रंग भडक, वर फुलपाखरं आणि धबधबे. ते दहा मिनिटं बघून काही कळत नाही. रिमोट मागून घ्या आणि पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर करा. मग या गोष्टी बघा.

१. पेन ड्राइव्हवर रात्रीचा प्रसंग असलेली, सबटायटलवाली क्लिप न्या. अक्षरांभोवतीचं धुकं आणि काळ्या कपड्यांवरच्या घड्या बघा. घड्या गायब म्हणजे अंधारातला तपशील टीव्ही गिळतोय.

२. सेट टॉप बॉक्सवर साधं एचडी चॅनेल लावायला सांगा, जमलं तर क्रिकेट. चेंडूमागे शेपटी दिसते का आणि हिरवळ सपाट रंगासारखी होते का, ते बघा. आपल्याकडचे बरेचसे कार्यक्रम अजून फोरकेत नाहीत. कमी दर्जाचं चित्र टीव्ही किती सावरून घेतो, यावर तुमचा रोजचा अनुभव ठरणार आहे.

३. हळूहळू बाजूला चालत जा. मधोमध उभं राहून छान दिसणारा व्हीए पॅनेलचा एलसीडी दिवाणच्या कोपऱ्यातून फिका पडतो. आयपीएस पॅनेल बाजूने चांगलं दिसतं, पण त्याचा काळा रंग राखाडीकडे झुकतो.

४. टीव्हीच्या मागे बघा. एचडीएमआय २.१ ची पोर्ट किती? बऱ्याच महाग टीव्हींत ती दोनच असतात आणि त्यातलं एक ई-एआरसीसाठी, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारला देण्यासाठी असतं. साउंडबार लावला की गेमिंग कन्सोलला एकच उरतं. गेमिंग नसेल तर हा मुद्दा सोडून द्या.

५. टीव्ही टेबलावर ठेवणार असाल तर दोन पायांमधलं अंतर मोजा. पाय कडेला असलेल्या मोठ्या टीव्हीला चार फुटांचं युनिट पुरत नाही, हे लक्षात येतं ते डिलिव्हरीच्या दिवशी.

डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या प्रकाराचा सोस असेल तर सॅमसंगच्या टीव्हीत ते मिळत नाही, तिथे एचडीआर१०+ असतं. दोन्हींतला फरक पॅनेलच्या फरकापुढे लहान आहे. सॉफ्टवेअरमध्ये गूगल टीव्हीवर अॅप सगळ्यात जास्त मिळतात. एलजीचं वेबओएस आणि सॅमसंगचं टायझन सुटसुटीत आहेत. तुमचं रोजचं प्रत्येक अॅप उघडून बघा, आणि आजींच्या हातात रिमोट देऊनही बघा. आकड्यांची बटणं नसलेला रिमोट घरात रोजच्या कटकटीचं कारण होतो.

पैसे

सगळं बजेट पडद्यावर उडवू नका. पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, त्यामुळे संवाद बसके येतात. एकूण रकमेतला पाचवा हिस्सा साउंडबारसाठी बाजूला ठेवा. ते शक्य नसेल तर टीव्ही एक पायरी खालचा घ्या. साउंडबार टीव्हीसमोर ठेवणार असाल तर त्याची उंचीही मोजा, नाहीतर तो पडद्याची खालची कडा आणि रिमोटचा सेन्सर झाकतो.

मॉडेल नंबरात वर्ष दडलेलं असतं. एलजी ओएलईडीच्या सी मालिकेत सी ३ म्हणजे २०२३, सी ४ म्हणजे २०२४. सॅमसंगच्या एस ९० मालिकेत शेवटचं अक्षर सी असेल तर २०२३, डी असेल तर २०२४. गेल्या वर्षीचं वरच्या श्रेणीचं मॉडेल यंदाच्या मधल्या श्रेणीपेक्षा बहुधा सरस असतं, आणि नवी मॉडेलं आली की त्याची किंमत खाली येते. जुन्या किमतींशी तुलना करताना एक लक्षात ठेवा: ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा लागू शकतो, तो विचारून घ्या.

वॉरंटीत पॅनेलचा उल्लेख वेगळा शोधा. पॅनेल फुटलं तर दुरुस्तीचा खर्च जवळपास नव्या टीव्हीएवढा होतो. आत पाल शिरून बोर्ड जळणं, पाणी जाणं, विजेचा झटका बसणं हे सहसा वॉरंटीत बसत नाही.

भिंत

टीव्ही पडतो तो बहुतेकदा भिंत न ओळखल्यामुळे. विटांच्या भिंतीत चांगली गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग) आणि स्क्रू धरतात. नव्या इमारतींतल्या बऱ्याच आतल्या भिंती सिपोरेक्स या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. ड्रिल लोण्यात जावं तसं आत गेलं आणि पांढरी-राखाडी भुकटी पडली की ओळखावं. तिथे साधी गिट्टी सैल होते आणि लोंबता भार आला की महिन्या-दोन महिन्यांत ब्रॅकेट पुढे झुकतं. अशा भिंतीला ब्लॉकसाठी बनवलेले लांब अँकर वापरा, किंवा मागे मरीन प्लायची पट्टी जास्त ठिकाणी पकडून त्यावर ब्रॅकेट लावा. टीव्ही पुढे ओढून वळवायचा ब्रॅकेट इथे नको. अॅल्युमिनियम साच्यातल्या सलग काँक्रीट भिंती असतील तर ड्रिल करण्याआधी बिल्डरने दिलेला वायरिंगचा नकाशा बघा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि आडव्या रेषेत कुठेच भोक पाडू नका. भिंतीत दडवलेले वायरिंगचे पाइप तिथूनच जातात. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टीव्ही लावूच नका.

उंचीबाबत इन्स्टॉलेशनवाल्याचं ऐकू नका. उभ्याने बघून लावलेला टीव्ही बसल्यावर उंच वाटतो आणि मान दुखते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून १०० ते ११० सेंटीमीटरवर असतात. पडद्याचा मध्य तिथेच हवा. ६५ इंचीसाठी पडद्याची खालची कडा साधारण ६५ सेंटीमीटरवर येते. लहान मूल असेल तर थोडा वर घ्या. ब्रॅकेटची भोकं टीव्हीच्या बरोबर मध्यावर नसतात, बहुधा खाली असतात. म्हणून आधी टीव्ही उताणा न करता, उभा धरून, खालच्या कडेपासून भोकांपर्यंतचं अंतर मोजा आणि मगच भिंतीवर खूण करा.

पहिला दिवस

खोकं उघडण्यापासूनचा व्हिडिओ घ्या. टीव्ही दोघांनी उभाच उचलायचा, बोटं पडद्यावर न टेकवता. सुरू झाल्यावर यूट्यूबवरून लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे सलग रंग पूर्ण पडद्यावर लावा. मेलेला पिक्सेल, कोपऱ्यातला प्रकाश, उभे पट्टे जे दिसेल ते तंत्रज्ञ घरात असतानाच दाखवा. टीव्ही बदलून घेण्याची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल फेकू नका.

सुरुवातीच्या प्रश्नांत होम मोड निवडा. मोशन स्मूदिंग (मध्ये जादा चित्रं घालून हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय) बंद करा, त्यामुळेच सिनेमा मालिकेसारखा दिसतो. तुम्ही काय बघता याची नोंद ठेवणारा पर्याय गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये असतो, तोही बंद करा. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. राउटर बेडरूममध्ये असेल तर लॅनची वायर ओढा. पडदा कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, काच पुसायचा फवारा अजिबात नको.

गावी वीज सारखी वर-खाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. आपल्याकडे रात्री झोपताना बोर्डाचं बटण बंद करायची सवय असते. ओएलईडीला ती मारक ठरते. काही तास वापर झाल्यावर हा टीव्ही स्टँडबायमध्ये असताना पिक्सेलची झीज स्वतःच समतोल करून घेतो; वीजच तोडली तर ते काम रोज राहून जातं. तो रिमोटनेच बंद करा. विजा कडाडायला लागल्या की मात्र प्लगही काढा आणि डिशची केबलही.