पिकअपला व्हील स्पेसर बसवण्याची तयारी, आतल्या नटांसह

व्हील स्पेसर म्हणजे चाक बाहेर सरकवण्यासाठी हब (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि रिम यांच्यामध्ये घालायची धातूची चकती. बोल्टने बसणारा स्पेसर लावला की प्रत्येक चाकावर नटांचे दोन संच होतात. आतले नट स्पेसरला हबवर आवळून धरतात आणि बाहेरचे नट रिमला स्पेसरवर. गाडी थोडी चालवून आणल्यावर आपण पाना लावतो तो बाहेरच्या नटांना. आतले रिमच्या मागे झाकलेले राहतात आणि म्हणूनच विसरले जातात. मागच्या खेपेस माझेही तसेच झाले होते. त्यामुळे खाली इतर बाबींना कमीअधिक जागा मिळाली तरी एक बाब मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे : गाडी चालवून झाल्यावर चाक उतरवा आणि आतले नट पुन्हा आवळून पाहा.

खरेदीच्या आधी मोजमाप घ्यावे. रिम किंवा टायर आतल्या बाजूस कशाला घासतो आणि त्यासाठी नेमके किती मिलिमीटर हवेत, हे ठरल्याशिवाय जाडी निवडू नये. ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या तोंडाचे मिलिमीटरमधले अंतर. 30 ऑफसेटच्या रिममागे 25 मिलिमीटरचा स्पेसर घातला की ऑफसेट 5 उरतो आणि दोन्ही बाजू मिळून गाडीची रुंदी 50 मिलिमीटरने वाढते. चाक बाहेर सरकले की बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टिअरिंग जड होते आणि खड्ड्याचा हिसका हातापर्यंत अधिक येतो. केवळ गाडी रुंद दिसावी म्हणून जाड स्पेसर घेणे मला मुळीच पटत नाही. मागच्या चाकांचे अंतर रिकाम्या गाडीवर मोजून समाधान मानू नये, कारण माल भरल्यावर पाटे बसतात आणि टायर मडगार्डच्या कडेजवळ येतो. पुढे स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे.

छिद्रे जुळली म्हणजे स्पेसर जुळला, असे नाही. टोयोटा हायलक्स आणि फोर्ड रेंजर या दोन्हींच्या सहा स्टडचे (हबमधून बाहेर आलेले, नट ज्यांवर चढतात ते आट्यांचे दांडे) वर्तुळ 139.7 मिलिमीटरचेच आहे. पण हबच्या मध्यभागी पुढे आलेला गोल उंचवटा हायलक्सला 106.1 मिलिमीटर आणि रेंजरला 93.1 मिलिमीटर व्यासाचा असतो. स्पेसरचे मधले भोक या उंचवट्यावर घट्ट बसले पाहिजे आणि स्पेसरच्या बाहेरच्या तोंडावर तसाच उंचवटा असला पाहिजे, म्हणजे रिम नेमके मध्यावर येते. भोक मोठे असेल तर मध्य साधण्याचे काम एकट्या नटांवर पडते आणि चाक थरथरू लागते. घडीव, म्हणजे फोर्ज केलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा, 6061-टी6 किंवा त्याहून मजबूत प्रतीचा स्पेसर घ्यावा. ओतीव माल, मिश्रधातूची प्रत न सांगणारा विक्रेता आणि वापरलेला स्पेसर हे तिन्ही टाळावेत.

स्टडवर नुसती सरकवायची पातळ चकती घेणार असाल, तर नट हाताने फिरवून वेढे मोजा. 12 मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर आट्याच्या स्टडवर किमान आठ पूर्ण वेढे हवेत. तितके मिळत नसतील तर लांब स्टड बसवल्याशिवाय ती चकती लावू नका. बोल्टच्या स्पेसरमध्ये अडचण उलट येते. स्पेसर पातळ असेल तर हबचे मूळ स्टड त्याच्या तोंडाबाहेर डोकावतात आणि रिमच्या मागच्या बाजूस त्यांच्यासाठी खोलगट जागा नसेल तर रिम त्यांच्यावरच टेकते. अशा वेळी बाहेरचे नट आवळल्यासारखे वाटतात, पण रिम स्पेसरला चिकटलेली नसते. स्पेसरवर सरळ पट्टी आडवी धरून एकही स्टड तिला लागत नाही, हे आधी पाहावे. नटांची बैठकही, म्हणजे शंकूची, गोल की सपाट, रिमला जुळणारी हवी.

चाकांना ठोकळे आणि गाडीखाली घोडी हे सांगायला नको. हबचे तोंड वायर ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा. डिस्क जागेवर धरण्यासाठी स्टडवर पत्र्याच्या बारीक चकत्या असतील तर त्या काढून टाका, नाहीतर स्पेसर त्यांच्यावर टेकतो. गंजाचा पापुद्रा किंवा रंगाचा थर मध्ये राहिला तर गाडी चालताना तो चेपला जातो, तेवढी आवळण कमी होते आणि नट ढिले पडतात. आतले नट पुन्हा का तपासायचे, त्याचे कारण हेच आहे. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. त्याच टॉर्कवर, म्हणजे आवळण्याच्या तेवढ्याच जोरावर, स्टड जास्त ताणला जातो.

नट आधी हाताने चढवा. मग कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून, समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळा. आतल्या नटांचा आकडा स्पेसरच्या उत्पादकाचा, बाहेरच्यांचा गाडीच्या पुस्तिकेतला. हवेच्या गनने शेवटचे आवळणे नको. उत्पादकाने आट्यांना चिकटद्रव सांगितला असेल तर लावा, पण तो लावला म्हणून फेरतपासणी टळत नाही.

आता मुख्य काम. 80 ते 100 किलोमीटर झाल्यावर चाके उतरवायची. बाहेरच्या नटांना पाना लावून ‘सगळे घट्ट आहे’ म्हणणे पुरेसे नाही, कारण आतला नट ढिला असला तरी बाहेरचा घट्टच लागतो. चाक उतरवा, आतल्या प्रत्येक नटावर टॉर्क पाना लावा. एखादा नट फिरला तर तो आवळा आणि तितकेच अंतर चालवून चाक पुन्हा उतरवा. नटाच्या बैठकीभोवती काळपट भुकटी दिसली किंवा छिद्र लांबट झाले असेल, तर तो स्पेसर परत लावू नये. मधल्या काळात सावकाश वळताना टकटक ऐकू आली तर घरी पोहोचण्याची वाट न पाहता गाडी थांबवा.

पुढे टायर बदलताना किंवा ब्रेकच्या कामासाठी चाक निघाले की आतले नट पाहून घ्या. कारागिराला स्पेसर आहेत हे आधी सांगा. स्थानिक नियम आणि विम्याच्या अटी वाचा. स्टेपनी स्पेसरवर बसते का, तिचे नट वेगळे लागतात का, हे घरीच बसवून पाहा आणि लागणारे नट व आतल्या नटांचा सॉकेट गाडीत ठेवा.